पामच्या वाडीतलं कोटवालं भूत

ते प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. माजी पोलीस अधिकारी म्हटलं की लोकांना पिकल्या मिशांचा माणूस दिसतो. मला मिशाही नाहीत आणि पेन्शनही नाही. मी पोलीस उपनिरीक्षक होते, राजीनामा दिला, आता गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते. नोकरी सोडायला हे एकच प्रकरण कारण झालं नाही, पण सुरुवात इथून झाली.

बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी होते. सकाळी हजेरी, मग आदल्या रात्रीच्या नोंदी, मग कारखान्याच्या गेटवरची मारामारी, मोबाईलची चोरी, खोलीच्या भाड्यावरून भांडण. अशाच एका सकाळी पाम गावातून बरीच माणसं एकदम आली. हातात अर्ज, विषय 'भुताच्या त्रासाबाबत'. मी अर्ज दोनदा वाचला. तक्रार भुताविरुद्ध नव्हतीच. ती एका विधवा बाईविरुद्ध होती. तिच्या चिकूच्या वाडीत तिन्हीसांजेला भूत उभं राहतं, तिनेच काहीतरी केलं असणार, बायकामुलं घाबरली आहेत, तरी पोलिसांनी तिला मनोरला तिच्या मुलीकडे पाठवून गावात शांतता राखावी. खाली सह्या. शिकलेल्या माणसांच्याही.

त्या बाईंना गावात सगळे काकी म्हणत. नवरा गेलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन मनोरला. काकी वाडीवर जगत होत्या. भुताचा बोभाटा झाल्यापासून पाड्यावरच्या तोडणीच्या बाया यायच्या बंद झाल्या होत्या आणि चिकू झाडाखाली सडत होता. हंगाम असाच गेला असता तर त्यांना वाडी विकून उठावंच लागलं असतं. त्यासाठी कोणाला त्यांच्यावर हात उगारायची गरज नव्हती.

वरिष्ठांनी अर्ज पाहिला आणि मला सांगितलं, बाईंची समजूत काढा, चार महिने मुलीकडे राहतील, गाव थंड होईल. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फाईल बंद करायची होती. मी म्हटलं, आधी जबाब घेते.

जबाब घेताना माणसं वेगवेगळी बसवावी लागतात. एकत्र बसवली की एकजण सांगतो आणि बाकीचे मान हलवतात. भुताच्या बाबतीत तर वेगळं बसवलं की प्रत्येकाचं भूत वेगळं निघतं. कोणाचं उंच, कोणाचं बिनमुंडक्याचं, कोणाला नुसता वास आला. मला तेच अपेक्षित होतं. घडलं उलटं. ज्यांनी पाहिलं होतं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं: लांब काळा कोट, ताठ कॉलर, गळ्याला बो, पांढरे हातमोजे, कपाळापर्यंत चढलेल्या भिवया, पांढराफटक चेहरा आणि छातीपुढे उचललेला एक हात. भीतीला इतकी शिस्त नसते. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरोखर काहीतरी पाहिलं होतं.

काकींच्या ओट्यावर बसून मी त्यांचाही जबाब घेतला. त्या चिकू निवडत बोलत होत्या.

"आमच्याकडचं भूत काय तरी मागतं, मॅडम. कोंबडा मागंल, नारळ मागंल. ह्यो काय मागत नाय, बोलत नाय, चालत नाय. नुसता उभा. पायात बूट, जसा लग्नातला बँडवाला."

घाबरलात का, असं मी विचारलं.

"घाबरले तर. पण जाऊ कुठं? लेकीच्या घरी पावणी जायचं आसतं, ऱ्हायला नाय."

मुलीकडे जा, असं कोण कोण सांगतंय हेही विचारलं. सगळेच सांगत होते. सगळ्यात जास्त सांगत होता दिवंगत नवऱ्याचा पुतण्या. तो सरावलीत खोली घेऊन राहायचा, बोईसरला कामाला होता आणि काकींचं सामान हलवायला टेम्पो आणायलाही तयार होता. भला मुलगा, असं गावाचं मत होतं.

मी गावात भुताची चौकशी थांबवली आणि कोटाची सुरू केली. असा कोट कोण शिवतं, कोण भाड्याने देतं, हे चारचौघांत मोठ्याने विचारलं. चोराला ऐकू जावं म्हणून काही प्रश्न मोठ्याने विचारायचे असतात. लवकरच ठाण्यात निनावी फोन आला. सरावलीत एक म्हातारा राहतो, त्याच्याकडे भुताखेतांची पुस्तकं आहेत, त्यात त्या भुताचा फोटो आहे, अगदी बो लावलेला, म्हातारा काळी जादू करतो. एवढं बोलून फोन बंद. नंबर बोईसरमधल्या एका चहावाल्याचा निघाला. तो म्हणाला, "बैटरी खतम बोलके किसी ने माँगा था, मॅडम. इतने लोग आते हैं, शकल कहाँ याद रहती है."

टीप मिळाली की जावं लागतं. हवालदारांना घेऊन मी सरावलीला गेले. दार एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटर काकांनी उघडलं. एकटे राहत. छोट्या खोलीत भिंतभर पुस्तकं, सगळी जुन्या विलायती भयपटांवरची आणि त्यांतल्या नटनट्यांवरची. मुंबईच्या फुटपाथवरून, भंगारवाल्यांकडून जन्मभर जमवलेली. मुखपृष्ठांवर सुळे, जळमटं, किंचाळणाऱ्या बाया. हवालदार दारातच थबकले.

"मॅडम, ह्याला हात लावायचा का?"

"लावा," काका म्हणाले, "पण आधी पुसा. वडापाव खाऊन आलेले दिसताय."

मी त्यांना भुताचं वर्णन वाचून दाखवलं. कॉलरपर्यंत आले तेव्हा ते सावरून बसले, हातमोज्यांपर्यंत आले तेव्हा हसायला लागले. हा एक जुना नट, त्याच्या एका मूकपटातला हा वेष, त्यांनी सांगितलं. मला ते हसणं आवडलं नाही. एका बाईचं घर हातचं जातंय, असं मी सुनावलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "तो चालतो कसा?"

"चालत नाही. नुसता उभा राहतो."

काका उठले. दोन कपाटांच्या मधल्या जागेत डावा पाय ओढत, एक खांदा पाडून, मान न हलवता ते आमच्या अंगावर चालत आले. दिवसाउजेडी, बनियनवर. हवालदार दोन पावलं मागे सरकले.

"सगळी भीती या चालण्यात आहे," काका म्हणाले. "ज्यानं सिनेमा पाहिलाय तो चालल्याशिवाय राहणारच नाही. तुमच्या माणसानं सिनेमा पाहिलेला नाही. त्यानं फोटो पाहिलाय. फोटोत तो उभा आहे, हात असा वर धरून."

मी फोटो मागितला. तो त्यांच्या एकाच पुस्तकात होता, आणि ते पुस्तक घरात नव्हतं. गणपतीत शेजारचा मुलगा चित्रं बघायला म्हणून घेऊन गेला होता. "मागितलं की म्हणतो, देतो की काका, पळून चाललोय का." पुस्तक नेणारा माणूस ते आयुष्यात विसरले नसते. त्यांनी शेजाऱ्याचं नाव सांगितलं. ते काकींच्या पुतण्याचं नाव होतं.

म्हणजे हिशेब सरळ होता. फोन करणाऱ्याने बो लावलेला फोटो पाहिला होता. फोटो काकांच्या घरात नव्हताच. तो ज्याच्याकडे होता, त्यानेच फोन केला होता. पोलीस कोटाच्या मागे लागलेत म्हटल्यावर त्याने घाईघाईने म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

पुतण्या बोलावल्याबरोबर आला. स्वच्छ शर्ट, हात जोडलेले. काकींची काळजी त्याच्या तोंडून थांबत नव्हती. मी बोलू दिलं. चौकशीत पहिला अर्धा तास समोरच्याचा असतो, त्याने जेवढं बोलायचं तेवढं बोलून घ्यावं. मग सहज विचारलं, सरावलीला शेजारी कोण राहतं? एक फिटर काका राहतात ना?

"मी नाय ओळखत त्यांना."

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाला कोणी ओळखत नाही म्हटलं, की समजावं तपास अर्धा झाला. दोन पंच घेऊन खोलीची झडती घेतली. पोटमाळ्यावर एका पिशवीत कोट, हातमोजे, बो आणि पुस्तक सापडलं. पुस्तकाच्या त्या एका पानावर पांढऱ्या पावडरीच्या बोटांचे ठसे होते. पान उघडून समोर ठेवायचं आणि आरशात बघून रंगायचं, असा त्याचा सराव. पंचनामा झाला, वस्तू सीलबंद केल्या.

परत समोर बसवल्यावर त्याने फार ताणलं नाही. वाडी रस्त्याला लागून होती, गोदामासाठी गिऱ्हाईक तयार होतं, सौद्यात त्याची दलाली ठरली होती, काकी विकायला तयार नव्हत्या. त्याला स्वतःच्या गुन्ह्याचं खरंच नवल वाटत होतं.

"मी कोणाला हात नाय लावला, मॅडम. धमकी नाय दिली. नुसता उभा राहिलो."

मला राग आला तो याच वाक्याचा, कारण ते खरं होतं. तो नुसता उभा राहिला. बाकीचं सगळं गावाने केलं. काकींवर संशय गावाने घेतला, बायांना गावाने अडवलं, अर्ज गावाने लिहिला, आणि तो अंमलात आणायला आम्ही वर्दीवाले निघालोच होतो.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. वरिष्ठ खूश झाले. पण तोडणीच्या बाया तरीही आल्या नाहीत. गावात नवीन बोलणं सुरू झालं: हा पुतण्या होता, ठीक आहे, पण आधी काहीतरी असल्याशिवाय त्याला सुचलं कसं? सह्या करणाऱ्यांपैकी एकही जण काकींकडे येऊन चुकलो म्हणाला नाही. आरोपी कोठडीत, आणि चिकू अजून जमिनीवर. माझ्या लेखी तपास संपला नव्हता.

त्या नटावरची दुसरी पुस्तकं घेऊन फिटर काका स्वतः पामला आले. मी पाड्यावरून बायांना बोलावलं. वर्दीला नाही म्हणता येत नाही म्हणून त्या आल्या, कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. काकांनी ओट्यावर पुस्तक उघडून त्या नटाचा तोंडाला रंग न लावलेला फोटो दाखवला: म्हातारा, टक्कल पडलेला, मांडीवर मांजर. रंग चढवायला हा तासन्‌तास खुर्चीत बसायचा आणि कातडी सोलवटायची, असं ते सांगत होते. एकेक बाई कुंपणाच्या आत आली. त्यातल्या एका वयस्क बाईने फोटो बराच वेळ निरखला.

"ह्याच्या पायी आमची मजुरी बुडाली?" ती म्हणाली. "ह्यो तर पेज मागायला आल्यासारखा दिसतो."

सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्यांनी आतून चिकू उतरवायचे जाळीचे लांब बांबू आणून भिंतीला उभे केले आणि विचारलं, "उद्या येताव का?" बाया आल्या. काकी आजही त्याच घरात राहतात.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. शांतता हा शब्द आला की सावध व्हायचं. त्या अर्जात तो होता, वरिष्ठांच्या तोंडी होता, पुतण्याच्याही तोंडी होता, आणि प्रत्येकाची शांतता एका बाईने घर सोडण्यावर टिकून होती. आता कुठल्याही गावात भूत दिसल्याचं लोक सांगायला आले, की ते कसं दिसतं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, त्याच्यामुळे घर कोणाचं रिकामं होणार आहे?