सगळ्यांचा एकच जबाब

ती घटना आठवली की आजही माझं डोकं सणकतं. मी तेव्हा शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तोरणमाळकडचा एक पावरा आदिवासी बाप ठाण्यात आला. आश्रमशाळेत चौथीत असलेल्या मुलीला भेटायला गेला, तर मुख्याध्यापक म्हणाले, ती आजारी आहे, घरी गेली. बाप घरूनच आला होता. पोर घरी नव्हती.

अल्पवयीन मुलगी म्हटल्यावर ‘बघू उद्या’ चालत नाही. अपहरणाचा गुन्हा दाखल केला, वायरलेसवर वर्णन कळवलं, बापाला ठाण्यात बसवलं आणि शाळा गाठली. दुसऱ्या दिवशी तिथे वाचन-लेखनाची चाचणी होती. बाहेरचं पथक येणार म्हणून मुलांकडून उतारेच्या उतारे पाठ करून घेतले होते. मुख्याध्यापक चहाचा आग्रह करत होते. मला त्यांचा घाम दिसत होता.

मुलांना एकेक करून बाहेर बोलावलं.

“ती आजारी आहे. ती घरी गेली आहे,” पहिला म्हणाला. दुसरीही तेच. नंतरची सगळीच तेच, त्याच शब्दांत, शुद्ध मराठीत. स्वतःचं नाव सांगताना गांगरणारी पोरं एवढं मात्र न अडखळता म्हणत होती. पढवलेले साक्षीदार मी कोर्टात खूप पाहिले. इतके लहान कधी पाहिले नव्हते.

माझा शिपाई धडगावचा, पावराच. त्याला म्हटलं, “तू विचार बाबा, तुमच्या भाषेत.”

तो त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. एक मुलगी रडू लागली आणि सगळं बाहेर आलं. हरवलेल्या पोरीला वाचायला फार वेळ लागतो, शाळेचा निकाल खाली येईल, म्हणून सरांनी सकाळीच तिला जीपमधून म्हसावदजवळच्या आपल्या मळ्यात नेऊन ठेवलं होतं.

मुख्याध्यापकांनी हात जोडले. “साहेब, चाचणी होईपर्यंतचाच प्रश्न होता हो.”

मळ्यात पोर नव्हती. बाजूला एक उघडी विहीर होती. विहिरीत गळ टाकायला सांगणार, तेवढ्यात शेजारचा शेतकरी आला. “साहेब, त्या पोरले धुंडी राहिनात का? आत्तेच एकली डोंगरकडे गयी.”

घाटाच्या पायथ्याशी झुडपाआड तिचा गणवेश दिसला. जीप थांबताच ती आणखी आत सरली. सरांनीच पाठवलेली गाडी, असं तिला वाटलं. शिपायाने तिच्या भाषेत सांगितलं, आम्ही पोलीस आहोत. पटेना. खाकी तर शाळेचा रखवालदारही घालायचा.

मग ती हळूच पुढे आली. जीपच्या दारावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. “पो... ली...” बराच वेळ थांबली. “स.” वळून आमच्याकडे नीट पाहिलं आणि आत जाऊन बसली. मी तिला ठाण्यात बसलेल्या बापाच्या हवाली केलं.

मुख्याध्यापकांवर दोषारोपपत्र दाखल झालं. तेव्हापासून घडाघडा उत्तर देणाऱ्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. अडखळणाऱ्याला मात्र मी वेळ देतो. ज्या पोरीला वाचता येत नाही म्हणून लपवलं, ती वाचून खात्री केल्याशिवाय पोलिसांच्या गाडीतसुद्धा बसली नाही.