शीतलचं यंत्र खरं बोलत होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नागपुरात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. शीतल माझी विद्यार्थिनी. दूर आकाशात दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की गॅमा किरणांचा स्फोट होतो, जेमतेम दोन सेकंदांचा. तो मोजणारं यंत्र तिनं वर्षभर खपून बनवलं होतं. एका छोट्या उपग्रहात त्याला जागाही मिळाली. पाठवण्याआधी प्रयोगशाळेत त्यानं फक्त गप्प बसून दाखवायचं होतं — कारण आकाशातले हे किरण हवेतच अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत.

पण ते गप्प बसेना. मी टेबलाजवळून गेलो, आकडा उसळला. परत आलो — पुन्हा!

"सर, तुम्ही जवळून गेले का आकडा वाढून राहिला. काहून?" शीतलनं विचारलं.

काहून? सकाळीच मी धंतोलीतल्या दवाखान्यात हृदयाची तपासणी करून आलो होतो — शिरेत किरणोत्सारी औषध टोचून. त्यातून हेच गॅमा किरण निघतात, एक-दोन दिवस. म्हणजे तो स्फोट मीच! मला तिथल्या तिथे कळलं. पण रोज पाच किलोमीटर चालतो म्हणून स्टाफरूममध्ये मिशीला पीळ देणाऱ्यानं, जिना चढताना छातीत कळ येते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग मी काय केलं? ओरडलो. "विज्ञान शिकतेस ना? माणूस पाहून यंत्र बिघडतं? उद्या लिंबू-मिरची बांधशील त्याला!" प्रयोगशाळेतले सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा.

मी दोन दिवस रजा टाकून घरी बसलो. हृदय ठणठणीत निघालं — गॅस होता. तिकडे पोरीनं अख्खं यंत्र उघडलं, एकेक जोड नव्यानं सोल्डर केला. कारण न सापडलेला बिघाड घेऊन पाठवणार कसं? तेवढ्यात मुदत गेली. उपग्रहातली जागा दुसऱ्या कॉलेजला मिळाली. 'जोडणीतली चूक माझी,' असं तिनं अहवालात लिहिलं. खाली सही माझी — चांगली झोकदार.

लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण गप्प बसण्याइतकीच.

शीतल आता कळमेश्वरला शाळेत शिकवते. परवा भेटली. म्हणाली, "पोरायले मी सांगते सर, चूक झाली तं लपवू नका, सरळ लिहून द्या. तुमच्यापाशीच शिकली ना मी हे."

आणि मी — मी तिला शाब्बास म्हणालो.