पुढच्या वर्षीची पिचकारी

झाशीच्या ओरछा गेटातून आत आलं की उजव्या हाताच्या दुसऱ्या गल्लीत अनुसूयाकाकूंचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, भाड्याच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली, आणि खिडकीला ठोकलेली एक फळी. श्रावणात राख्या, संक्रांतीला पतंग, फाल्गुनात पिचकाऱ्या. एरवी वह्या, पेन्सिली, सुतळी. गोपाळकाका रेल्वेच्या कारखान्यात कारकून होते. ते अकाली गेले तेव्हा काकूंनी ही फळी ठोकली, ती पुढं चाळीस वर्षं निघाली नाही.

फाल्गुनात तिथं गिऱ्हाईक कमी आणि वादावादी जास्त. कुणी यायचा, म्हणायचा, "बाईजी, पाँच साल के मोडा के लाने एक पिचकारी दे दो."

"साल रहने दो," काकू म्हणायच्या. "मोडा कहाँ है?"

मोडा, म्हणजे पोरगा, हजर असेल तर त्याच्या हातात त्या पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या द्यायच्या. एका हातानं खांद्यापर्यंत उचलायचा आणि त्या "बस" म्हणेपर्यंत धरून ठेवायचा. ज्याचं पाणी सांडलं त्याला रबरी मासा, नुसता दाबायचा. हात थरथरला पण टिकला तर दट्ट्याची छोटी पिचकारी. आणि जो गडी ढिम्म हलला नाही त्याला मोठी, पितळेची. बाप कितीही म्हणाला की पोरगा आठ वर्षांचा आहे, मोठीच द्या, तरी काकू ऐकायच्या नाहीत. आत वळून मला, गल्लीतल्या पोराला, मराठीत म्हणायच्या, "वय शाळेत सांगावं. इथं हात दाखवावा."

एकदा मोठ गावाहून बाजाराला आलेला एक शेतकरी बस गाठायच्या घाईत होता. तीन पोरं घरी, तीन पिचकाऱ्या हव्यात. काकूंनी त्याची उलटतपासणी सुरू केली. थोरला दाराची कडी स्वतः काढतो का? मधला आपला गमछा पिळतो की आई पिळून देते? धाकटी पोळीचा तुकडा स्वतःच्या हातानं तोडते? तो बिचारा डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "जे तो घरवाली जानत हुइए."

"तो पूछ के आना," म्हणून काकूंनी त्याला खरंच परत पाठवलं. मला तेव्हा वाटायचं, असा धंदा करतात का? बाईचं डोकं फिरलंय. काकूंना वय या गोष्टीचा इतका राग का होता, हे माझ्या टाळक्यात शिरायला फार वर्षं लागली. खरं तर त्याचं कारण दुकानाच्या पायरीवरच बसलेलं असायचं.

पायरीवर जनार्दन बसलेला असायचा. काकूंचा एकुलता एक मुलगा, आमचा जनू. पुढ्यात पाण्याची बादली. तेल लावलेली प्रत्येक पिचकारी पाण्यात बुडवायची, दट्ट्या ओढायचा, गळते का बघायचं, हे त्याचं काम. छोट्या त्याला जमायच्या. पितळी त्याच्यानं ओढवत नसे, त्या काकू तपासत. जनू आणि मी एकाच फाल्गुनात आठ दिवसांच्या अंतरानं जन्मलो. दोघांचं बारसं एका पाळण्यात झालं, असं माझी आई सांगायची. त्यानंतर मी वाढत गेलो. जनू अंगानं वाढला, पण मन चार-पाच वर्षांपाशी थांबलं, आणि उजवा हात मनगटात वाकडाच राहिला.

आम्हा मराठी घरांची रंगपंचमी. बाकी गावाचा रंग चार दिवस आधी आटोपलेला, भिंती धुऊन झालेल्या, आणि मग आम्ही सात-आठ घरची पोरं रंग घेऊन बाहेर पडायचो. समोरची म्हातारी ओरडायची, "होरी तो कबकी निकर गई, बाईजी!" काकू शांतपणे म्हणायच्या, "हमारी आज है." त्या सकाळी त्या आम्हाला पायरीपाशी रांगेत उभं करायच्या आणि विकून उरलेल्या पिचकाऱ्यांतून एकेक द्यायच्या. तांब्याची परीक्षा मात्र घरच्यांनाही चुकत नसे.

मी सात वर्षांचा होतो त्या वर्षी तांब्या उचलला आणि धरून ठेवला. मला पितळी मिळाली. माझ्यामागं जनू होता. त्याच्या हातून तांब्या पायावर पडला, सगळं पाणी सांडलं आणि तो खदाखदा हसला. मग माझ्या पिचकारीकडं बोट दाखवून म्हणाला, "मला मोठी?"

"पुढच्या वर्षी हं, जनू," काकू म्हणाल्या.

"बरं," तो म्हणाला, आणि छोटी घेऊन माझ्यामागं पळाला.

त्याच्या पिचकारीचं पाणी दोन हातांवर पडायचं. माझं पार गल्लीच्या वळणापर्यंत जायचं. मी त्याला लांबूनच भिजवला. तो मला गाठायला पुढं यायचा, मी मागं सरकायचो. तो पुन्हा पुढं, मी पुन्हा मागं. शेवटी त्याचं पाणी संपलं आणि तो रिकामीच पिचकारी माझ्यावर दाबत राहिला. तेव्हा मला फार गंमत वाटली होती. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पुढं रांगेतली पोरं बदलत गेली. आम्ही मोठे झालो, आमची पोरं उभी राहिली. माझी अंबिकाही सात वर्षांची झाली, "काकूआजी, मुझे बडी वाली" असं तिच्या झाशीच्या मराठीत म्हणाली आणि मोठी घेऊन गेली. जनू दर वर्षी रांगेत शेवटी. कल्ले पांढरे झाले तरी तांब्या सांडायचा आणि विचारायचा, "मला मोठी?" काकू म्हणायच्या, "पुढच्या वर्षी." तो "बरं" म्हणायचा आणि खूश होऊन जायचा. असं चाळीस वर्षं चाललं. हे खोटं आहे हे गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गल्लीतलं कुणी ते बोललं नाही. एवढी अक्कल आमच्या गल्लीला होती.

काकू सत्तरीच्या झाल्या त्या माघात त्यांनी मला बोलावून घेतलं. मी विमा कार्यालयात कारकून. तुमच्यामागं घरच्यांचं काय, असं दिवसभर लोकांना विचारायचा मला पगार मिळतो. आता तोच प्रश्न काकूंनी मला विचारला.

"रघू, माझ्यामागं जनूचं काय? मी काही फार मागत नाही. तुझ्या मागच्या खोलीत त्याची खाट मावेल. जेवायला तो त्रास देत नाही. तू हो म्हण, म्हणजे मी सुटले."

मला माझी बायको सरला आठवली, अंबिकाचं कॉलेज आठवलं, आणि पन्नाशीतल्या माणसाला रोज आंघोळ घालणं म्हणजे काय ते आठवलं. मी म्हणालो, "काकू, तुम्ही अजून ठणठणीत आहात. बघू ना, पुढच्या वर्षी."

 काकू बारीकसं हसल्या. "पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते मला सांगतोस होय रे?"

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मला मात्र ते हसू झोंबत राहिलं. हो म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी दुसरं काहीतरी देऊन मोकळं व्हायचं ठरवलं. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी माणिक चौकातून पाठीवर टाकी अडकवायची पिचकारी आणली, तिथल्या दुकानातली सगळ्यांत मोठी. सकाळी काकू आत रंग कालवत होत्या तेवढ्यात मी ती भरून जनूच्या पाठीवर चढवली आणि म्हटलं, "जनू, पुढचं वर्ष आलं! आता तू मोठा."

त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही. इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. त्यानं वाकड्या हातानं नळी धरली, दुसऱ्या हातानं दट्ट्या ओढायला गेला. दट्ट्या हलला नाही. पुन्हा ओढला. अंबिका आणि बाकीची पोरं वाट बघत उभी होती. तिसऱ्यांदा त्यानं सगळा जोर लावला आणि टाकीच्या वजनानं मागं कोलमडला. लागलं फारसं नाही, कोपर खरचटलं. पण तो रडला नाही, हसलाही नाही. नुसता आपल्या हाताकडं बघत बसला. जन्मभर तो हात त्याच्याजवळ होता, पण त्यानं तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असं मला वाटलं.

काकू बाहेर आल्या. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी टाकीचे पट्टे सोडवले, त्याचं कोपर पदरानं पुसलं, मग माझ्याकडं वळल्या. उभ्या आयुष्यात त्या माझ्यावर एकदाच चिडल्या, ती ही वेळ.

"त्याच्याकडं काय होतं रे दुसरं? एक पुढचं वर्ष होतं. तेवढंही घेतलंस?"

मी पट्टे गुंडाळून टाकी उचलली. दुसरं करणार काय?

पुढच्या रंगपंचमीला जनू रांगेत उभाच राहिला नाही. काकूंनी स्वतः बोलावलं, तांब्या पुढं केला. त्यानं मान हलवली आणि बादलीपाशी जाऊन बसला. "मला मोठी?" त्यानं विचारलं नाही. "कधी?" हा शब्दच त्यानं टाकून दिला. जेवण कधी, दिवाळी कधी, काहीच विचारायचा नाही. द्याल ते घ्यायचा.

त्याच्या पुढच्या माघात काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुकानाची खिडकी त्या फाल्गुनात पहिल्यांदाच उघडली नाही. रंगपंचमीला मी त्यांची खाट दाराशी आणून ठेवली, गल्ली दिसावी म्हणून. सरला त्यांना पेज भरवत होती. जनू उठला आणि आत गेला. काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आला आणि आईच्या उजव्या हातात ठेवला.

सरला "अहो, अहो" करेपर्यंत तांब्या सुटला. पाणी काकूंच्या लुगड्यावर, खाटेवर, सगळीकडं सांडलं. जनू हसला नाही. त्यानं तो हात उचलून नीट बघितला, उलटा करून बघितला. मग आपली छोटी पिचकारी आणली, त्या हातात ठेवली आणि आईची बोटं एकेक करून तिच्याभोवती वळवली.

"पुढच्या वर्षी हं, आई," तो म्हणाला.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं. बोलता येत नव्हतं, पण त्या काय विचारत होत्या ते मला स्वच्छ कळलं. काकू, जनू माझ्याकडं राहील. एवढंच म्हणायचं होतं. माझ्या मनात ते ठरलंही होतं, त्याच क्षणी ठरलं. पण माझं तोंड उघडलं नाही. सगळ्यांसमोर असं काही बोलायची लाज वाटली, का संध्याकाळी निवांत सांगू म्हटलं, कोण जाणे. मी घरंगळलेला तांब्या उचलला आणि फडकं आणायला गेलो. संध्याकाळी त्या झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला ऑफिस होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे काकू गेल्या.

तेराव्याला नातलग उठून गेले आणि जनू एकटाच पायरीवर बसून राहिला. मी घसा खाकरून सुरुवात करणार तोच सरला म्हणाली, "बसलाय काय? त्याची खाट आणि कपड्यांची पेटी आणा. अंधार व्हायच्या आत." मी इतकी वर्षं ज्याचा विचार करत होतो ते तिनं एका दमात सांगून टाकलं. जनू आमच्या मागच्या खोलीत राहायला आला. खाट मावली. जेवायला तो खरंच त्रास देत नाही. आंघोळ मी घालतो आणि त्याची सवय होते. हे सगळं काकूंना कळायला हवं होतं. त्या उत्तर न ऐकता गेल्या, आणि उत्तर माझ्या तोंडात होतं. हे माझ्या मनातून जात नाही, जाऊही नये.

यंदाच्या रंगपंचमीला सकाळीच जनूनं तांब्या भरला. काकूंच्या जागी आता तो. सरला, अंबिका, मी, असे रांगेत उभे राहिलो. सगळ्यांनी तांब्या उचलला. त्यानं गंभीरपणे सगळ्यांना मोठ्या दिल्या आणि स्वतः छोटी घेतली. दुसरी एक छोटी त्यानं भरली आणि आपल्या खाटेवर उशीशी ठेवली. ती कुणाची ते कुणी विचारलं नाही.

मग तो माझ्याकडं यायला लागला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, वाकड्या हातात पिचकारी धरून. मी जागचा हललो नाही. तो दोन हातांवर आला आणि त्यानं पिचकारी दाबली. गार पाणी थेट माझ्या छातीवर आलं. तो हसला. मग खोलीकडं वळून बघितलं, आणि एकदम त्याचं हसू गेलं.

"रघू," त्यानं विचारलं, "आई कधी?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तो शब्द काढला होता. अंबिकानं माझ्याकडं पाहिलं, सरला आत निघून गेली. मी ओल्या सदऱ्यानंच डोळे पुसले.

"पुढच्या वर्षी हं, जनू."

"बरं," तो म्हणाला, आणि पिचकारी भरायला बादलीकडं गेला.