सहा आठवड्यांसाठी आलेली ओद्नी

मेंढ्यांतलं आपल्याला काही कळत नाही, हे ओद्नीने फोनवरच सांगून टाकलं होतं. पलीकडून केतिल म्हणाला, "मेंढ्यांचं आम्ही बघू. तू फक्त आम्हाला उपाशी मरू देऊ नकोस."

तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. बंदराच्या गावात, मासळीच्या कारखान्यात तिची नऊ वर्षं गेली होती. उभ्याने कॉड साफ करायचा, बोटांनी चाचपून बारीक काटे काढायचे, संध्याकाळी घरी जाऊन आजारी आईचं करायचं. त्या हिवाळ्यात आई गेली आणि भाड्याच्या त्या दोन खोल्यांत तिला थांबवेना. अशातच सहकारी दुकानाच्या फळ्यावर एक कागद दिसला: होल्ताकोट शेत, मेंढ्या व्यायचा हंगाम, सहा आठवडे स्वयंपाकाला बाई हवी. मेच्या पहिल्याच आठवड्यात एक बॅग घेऊन ती बसमधून खोऱ्यात उतरली.

होल्ताकोटला दोन भाऊ होते. थोरला केतिल चव्वेचाळीसचा, धाकटा ह्याल्मार चाळिशीचा. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. आई वारल्यापासून दोन वर्षं दोघे उकडलेल्या बटाट्यांवर आणि खारवलेल्या मटणावर दिवस काढत होते. केतिलचं तोंड सकाळी उघडलं की निजेपर्यंत मिटत नसे. ह्याल्मारचा शब्द ऐकायचा तर एखादा दिवस वाट बघावी लागे. पहिल्या आठवड्यात तो ओद्नीशी एवढंच बोलला की मीठ तिकडे आहे.

एकशे सत्तर मेंढ्या तीन-चार आठवड्यांत व्यायच्या होत्या आणि त्या वर्षी वसंत येतच नव्हता. मे अर्धा सरला तरी घरापुढचं शेत पिवळं पडलेलं, ओहोळाला बर्फाची कड. बाहेर गवत नाही म्हणून मेंढ्या गोठ्यातच, आणि व्यालेलीला वेगळा कप्पा करून द्यायला लाकडी फळ्या पुरेनात. गारठलेली कोकरं स्वयंपाकघरात चुलीशेजारी खोक्यांत येऊन पडत. ओद्नी सूप ढवळता ढवळता त्यांना बाटलीने चीक पाजू लागली. जेवण ती बाराच्या ठोक्याला वाढी. भाऊ कधी अडीचला येत, कधी एक एक करून. तरी ती बाराला वाढीच.

"कारखान्यात भोंगा वाजत असेल ना," केतिल गार सुपात पाव बुडवत म्हणाला.

"इथे भोंगा नाही म्हणूनच तुमची ही दशा झालीय," ती म्हणाली.

ह्याल्मार खाली मान घालून हसला. केतिल म्हणाला की गेल्या चार वर्षांत हा माणूस पहिल्यांदा हसला, तारीख लिहून ठेवली पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात उत्तरेकडून वादळ आलं. दोन दिवसांत डोंगरावरचा रस्ता बंद झाला आणि जनावरांचा डॉक्टर पलीकडे अडकला. नेमकी त्याच दुपारी मोरा अडली.

मोरा म्हणजे कळपाची म्होरकी, तपकिरी, उंच पायांची, शिंगं मागे वळलेली. खोऱ्यात अशा मेंढ्या तीन-चारच होत्या. हवा फिरणार असली की त्यांना आधी कळतं आणि त्या कळपाला घराकडे वळवतात. दोन वर्षांपूर्वी शरदात डोंगरावरून मेंढ्या उतरवताना ह्याल्मार हिमवादळात सापडला होता. समोरचा हात दिसत नव्हता. त्याने मोराच्या मागे चालायचं ठरवलं आणि तिने पाच तासांनी त्याला कुंपणाच्या फाटकाशी आणून सोडलं. त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. केतिलने सगळ्यांना सांगितली होती.

ओद्नी कॉफीची किटली घेऊन गोठ्यात गेली तेव्हा मोरा आडवी पडून कण्हत होती. कोकराचा एक पाय बाहेर दिसत होता, दुसरा दिसत होता तो जुळ्यातल्या दुसऱ्या कोकराचा. ह्याल्मार गुडघ्यांवर बसला होता, बाही खांद्यापर्यंत वर. त्याचे हात फावड्यासारखे होते. तीनदा प्रयत्न करून झाला होता आणि आता आणखी जोर केला तर मेंढी फाटेल, हे त्याला कळत होतं. केतिल दाराशी उभा होता. मग तो बाहेर बर्फात निघून गेला.

ह्याल्मारने वर पाहिलं. "तुझे हात दाखव," तो म्हणाला.

ओद्नीने किटली खाली ठेवून हात पुढे केले. कारखान्यात तिला लहान मुलांचे हातमोजे लागत. त्याने तिला बादलीतल्या गरम पाण्याशी आणि साबणाशी नेलं. ती म्हणाली की मी आयुष्यात मेंढीला हातसुद्धा लावलेला नाही. तो म्हणाला, "मी सांगतो."

आणि तीन आठवड्यांत मिळून जेवढा बोलला नव्हता तेवढा तो त्या अर्ध्या तासात बोलला. डोळे मिट, म्हणाला, डोळ्यांचं इथे काम नाही. पाय हाताला लागला? वरपर्यंत जा. दोन्ही सांधे एकाच बाजूला वळतात तो पुढचा पाय. एक इकडे, एक तिकडे वळतो तो मागचा. ओद्नीने डोळे मिटले. आत गरम आणि घट्ट होतं, कळ आली की हाताची हाडं आवळून निघत. पण बोटांना ते काम ओळखीचं वाटलं. नऊ वर्षं मांसात न दिसणारे काटे शोधण्यात गेली होती. तिला एक गुडघा लागला, मग छाती, मग मागे वळून पाठीशी चिकटलेली मान.

"याचं डोकं मागे आहे," ती म्हणाली.

"मग दुसऱ्याला आत ढकल. हळू. कळ ओसरू दे, मग ढकल."

तिने ढकललं. जबड्यामागे बोट अडकवून डोकं पुढे वळवायला किती वेळ लागला ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. पहिलं कोकरू बाहेर आलं ते निपचित. ह्याल्मारने त्याचं नाक पुसलं, मागचे पाय धरून त्याला दोनदा झुलवलं, नाकपुडीत वाळल्या गवताची काडी घातली. कोकरू शिंकलं. दुसरं मागोमाग आपणहून आलं, पांढरं, आणि लगेच ओरडायला लागलं. मोराने मान वळवून दोघांना चाटायला सुरुवात केली.

ओद्नी गवतावर बसली ती बसलीच. हात खांद्यापर्यंत ओला होता. ह्याल्मारने स्वतःचा स्वेटर काढून तिच्या अंगावर टाकला आणि भावाला सांगायला बाहेर गेला. केतिल आत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ होता. त्याने कोकरांकडे पाहिलं, ओद्नीकडे पाहिलं आणि नाक ओढून म्हणाला, "म्हणजे आज बाराचं जेवण चुकलं म्हणायचं."

रस्ता मोकळा व्हायच्या आतच ही बातमी खोऱ्यात पोहोचली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या शेतावरून थुरीद आपली जीप घेऊन आली. तिच्याकडे एक मेंढी अडली होती आणि तिच्या नवऱ्याचे हात ह्याल्मारपेक्षा मोठे होते. मग आणखी एका घरून फोन आला, मग आणखी एका. जूनच्या मध्यावर ओद्नीची मुदत संपली तोवर तिने खोऱ्यातल्या पाच गोठ्यांत हात घातला होता.

निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. दोघा भावांपैकी कुणी तिला राहा म्हटलं नव्हतं. ह्याल्मार दारात येऊन उभा राहिला. हातात परगण्यातल्या कानखुणांची जुनी वही होती. मेंढ्यांच्या कानांवर कात्रीने करायच्या प्रत्येक मालकाच्या खुणा त्यात नोंदलेल्या असतात.

"मोराचं पांढरं कोकरू तुझं," तो म्हणाला. "डाव्या कानाचं टोक छाटलेलं, उजव्याला मागून एक खाच. ही खूण कुणाची नाही. चालेल का?"

ओद्नी म्हणाली की मेंढीला घेऊन मी बसमध्ये कशी बसू. ह्याल्मार वहीची पानं चाळू लागला. स्वयंपाकघरातून केतिल ओरडला, "बसमध्ये घेत नाहीत. मी विचारलंय."

तिने बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. कोकराला तिने बाउरा नाव दिलं, म्हणजे लाट. समुद्राची आठवण तिला तेवढीच पुरली.

ती दोघांपैकी कुणाची बायको झाली नाही. सुरुवातीला खोऱ्यात थोडी कुजबुज झाली, पण ज्या घरांत कुजबुज होई त्याच घरांतून मेमध्ये तिला बोलावणं येई, म्हणून ती कुजबुज फार टिकली नाही. तिची खोली वर, दक्षिणेच्या खिडकीची. वर्षं गेली. बाउराला पोरी झाल्या, त्यांना पोरी झाल्या, आणि एकोणीस वर्षांनी होल्ताकोटच्या दोनशे मेंढ्यांत सव्वीस ओद्नीच्या खुणेच्या होत्या.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात एक मेंढी भिंतीला अंग घासू लागली. मग तिचे पाय लटपटू लागले. सरकारी डॉक्टर आला, नमुने घेऊन गेला, आणि फोनवर जे सांगायचं ते त्याने केतिलला सांगितलं. मेंदूचा रोग. एकीला झाला की सगळा कळप मारायचा, गवत जाळायचं, गोठा खरवडायचा, दोन वर्षं एकही मेंढी पाळायची नाही. ट्रक आले त्या दिवशी केतिल सकाळीच डोंगराकडे निघून गेला. ह्याल्मारने एकेका मेंढीला स्वतः चढवलं, प्रत्येकीला नावाने हाक मारून. तिच्या खुणेच्या सव्वीस तेवढ्या ओद्नीने शेवटी चढवल्या. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बाराला तिघांचं जेवण वाढलं. कुणी जेवलं नाही.

पुढच्या सोमवारी थुरीदची जीप फाटकात शिरली. मागे दुसरी गाडी होती, तिच्यामागे ट्रॅक्टर. कुणी बोलावलेलं नव्हतं. सात घरची माणसं फावडी आणि पाण्याचे पंप घेऊन उतरली आणि चार दिवस होल्ताकोटच्या गोठ्यात राबली. फळ्या उपसल्या, जमीन खरवडली, भिंतींना चुना मारला. ओद्नी त्यांना सूप आणि राईचा पाव वाढत होती. पंपाच्या आवाजात ती कुणाशी धड बोलूही शकली नाही. संध्याकाळी ती थुरीदला म्हणाली की हे आम्ही कसं फेडायचं. थुरीदने ओले हातमोजे पिळले. "तू माझ्या गोठ्यात कितीदा आलीस ते मी मोजलंय का?" ती म्हणाली. "गप पाव दे."

मे आला. होल्ताकोटच्या इतिहासात पहिल्यांदाच मेमध्ये गोठ्यातून आवाज नव्हता. ओद्नीला वाटलं, आता मला कोण बोलावणार. रोगाच्या घरची माणसं आपण, आपल्या बुटांना लागूनही तो जाऊ शकतो. पण फोन आला. थुरीदने सांगितलं की डॉक्टरला विचारलंय, अंगावरचे कपडे बदलले की झालं. ओद्नी गेली तेव्हा थुरीदच्या पडवीत खुंटीवर नवा कोरा डगला होता आणि खाली रबरी बूट, लहान मापाचे. त्या वसंतात आणि पुढच्या वसंतात खोऱ्यातल्या नऊ घरांत तिच्या मापाचे बूट तिची वाट बघत होते. केतिल तिला गाडीने सोडायचा आणि ती हात धुऊन बाहेर येईपर्यंत त्या त्या घरच्या कॉफीवर टीका करत बसायचा. ह्याल्मार घरीच असे. ती परतल्यावर तो एकच विचारी, किती झाली. ती सांगे: जुळं, एक तपकिरी, एक पांढरं. तो मान हलवी आणि निजायला जाई.

दुसऱ्या शरदात पश्चिमेच्या खाड्यांच्या मुलखातून, जिथे रोग कधी पोहोचला नव्हता तिथून, ऐंशी मादी कोकरं आली. पुढच्या मेमध्ये त्या सगळ्या पहिलटकरणी होत्या. घाबरट, अरुंद, एकीलाही आई व्हायचं कसं ते ठाऊक नाही. ओद्नी पन्नाशी ओलांडून गेली होती. थकवा आता गुडघ्यांत उतरे. पण त्या वसंतात एक वेगळी गोष्ट घडली. पहिली मेंढी अडली तेव्हा केतिल बाहेर गेला नाही. तो आत आला, बादली धरून उभा राहिला, आणि तिने हात आत घातल्यावर म्हणाला, "ओद्नी, तू आली नसतीस तर हे घर केव्हाच बंद पडलं असतं. मी हे कधी बोललो नाही."

"तू सगळं बोलतोस," ती डोळे मिटूनच म्हणाली. "हे राहून गेलं असेल."

जूनच्या सुरुवातीला ऊन पडलं, शेत हिरवं झालं, आणि त्यांनी मेंढ्या-कोकरं बाहेर सोडली. कोकरांनी आधी आकाश पाहिलं नव्हतं. ती दारातच थबकली, मग एक उडालं आणि सगळी उडाली, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्त्याने जाणाऱ्या थुरीदच्या घरच्यांनी गाडी थांबवली. मग आणखी कुणी थांबलं. केतिलने कुंपणाशीच सगळ्यांना कॉफीचं आमंत्रण देऊन टाकलं, घरात काय आहे काय नाही ते न विचारता. सतरा माणसं स्वयंपाकघरात आली. कप बारा होते. उरलेले वाट्यांतून कॉफी प्याले आणि ओद्नी तव्यावर पातळ गोड घावन घालत राहिली. सगळे एकदम बोलत होते, कोकरांबद्दल, गवताबद्दल, केतिलच्या गाडीबद्दल.

मध्येच ती पडवीत येऊन उभी राहिली. शेतातून ऐंशी आयांची आणि त्यांच्या लेकरांची हाकाहाक ऐकू येत होती. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. मागून ह्याल्मार आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"कॉफीचं दूध संपलं," तो म्हणाला.

ती हसली आणि आणखी एक बाटली काढायला आत गेली.