हवेच्या पाइपाशी हसणारी बाई

खांदा कॉलनीजवळच्या टायरच्या दुकानात मी स्कूटरचं पंक्चर काढायला थांबले होते. तिथे एक बाई हवेच्या गनने ट्रेलरच्या चाकांचे नट आवळत होती. डोळ्यांवर जाड गॉगल, केसांत अबोलीचा गजरा. एक चाक झालं की ती पाइपावरचा हवेचा कॉक बंद करायची, खटका दाबून गनमधली उरलेली हवा सोडायची आणि त्या ‘फुस्स’ला दर वेळी खुदकन हसायची.

ट्रेलरच्या ड्रायव्हरला सकाळीच मुलगी झाली होती. पेढे वाटत तो नाचत होता. नाचता नाचता त्याने हवेचा दुसरा पाइप उचलला आणि शर्टावरची धूळ उडवायला छातीकडे वळवला. बाईने झेप घेऊन त्या पाइपाचा कॉक बंद केला.

“आरे, आजच बाप झालास ना? डोल्यात कचरा गेला तं पोरीला बगशील कसा?”

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याच्या आनंदाला ओरखडा पडू नये, एवढीच घाई होती. त्याने पाइप खाली ठेवला आणि तो हसत सुटला. आम्ही सगळेच हसत सुटलो. त्याने लगेच बायकोला व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या काचेवर धूळ होती; बाईने ती तोंडाने हलकेच फुंकली आणि आत डोकावली. पोरीने जांभई दिली.

“माज्याकडं बगून हसली!” बाई ओरडली आणि आनंदाने गर्रकन फिरली.