काकांची नजर आणि न लागणारं सेटिंग

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांकडे फाईलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात, आणि ते डिलीटही होत नाहीत. हे आमच्या अमरावतीच्या डीटीपी सेंटरमधले. तेव्हा मात्र कुणाला हसू येत नव्हतं!

*

मालक राजूभाऊंचा एकच नियम होता, कॉम्प्युटर बंद करायचा नाही. ऐन लग्नसराईत एकदा बंद केला, तर दोन दिवस सुरूच झाला नव्हता. तेव्हापासून संध्याकाळी आम्ही फक्त स्क्रीन बंद करायचो.

राजूभाऊ म्हणायचे, "झोपू दे त्याले, पण मारू नको!"

*

मग त्यांनी एक जुना, मोठा स्क्रीन आणला. त्यावर अक्षरं पुसट दिसायची. मी बोटांच्या सवयीने टाईप करायची, माझं भागत होतं. पण वासुदेवकाका बडनेऱ्याहून यायचे ते प्रूफ वाचायला, आणि कागदावरचं प्रूफ राजूभाऊंनी बंद केलेलं. दोन लग्नपत्रिकांत चुका राहिल्या.

"काका, आणखी एक चूक झाली तं मले दुसरा माणूस पाहा लागन."

काका स्क्रीनला नाक लावून पुन्हा वाचू लागले. मला फार वाईट वाटलं.

*

काका अकोल्याला मुलीकडे जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, नजर ठणठणीत. काकांचा विश्वासच बसेना.

"जावयाच्या ओळखीचा डॉक्टर हाय. तो मले खरं कायले सांगन?"

"काका, मलाही पुसटच दिसतं."

"मन राखून राह्यली माय तू माह्यं!"

*

मी सेटिंगमध्ये शिरून अक्षरं स्पष्ट करायची टिक केली. फरक शून्य! काढली, पुन्हा केली. तरी तेच. दरवेळी खाली बारीक अक्षरांत काहीतरी सूचना यायची. नेमकी तीच वाचता येत नव्हती!

*

शेवटी राजूभाऊंनी मला एक जाहिरात टाईप करायला सांगितली. काका माझ्या मागच्या बाकावर चहा पीत होते. कशीबशी सेव्ह केली, तोच लाईन गेली. यूपीएसनेही मान टाकली. कॉम्प्युटर बंद!

लाईन आल्यावर राजूभाऊंनी बटण दाबलं. आम्ही तिघंही श्वास रोखून. सुरू झाला एकदाचा! मी घाईघाईने फाईल उघडली, आणि अक्षरं काळीभोर, कोरल्यासारखी. बंद करून चालू केल्यावर लागणारं सेटिंग होतं तर ते! त्या आनंदात फाईल बंद करायचं राहूनच गेलं.

काका बाकावरूनच वाचू लागले. "प्रूफरीडर पाहिजे. अनुभवी असावा. नजर चांगली असावी."

राजूभाऊंनी मान खाली घातली.

काकांनी कप खाली ठेवला.

"राजू, एकबी चूक नाई. देऊ छापाले?"