बंबाची झाळ

वाशीमच्या बाजारात महारवाड्यातल्या एका मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, कोळशाची शेगडी आणि एक लाकडी खोकं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली बरीच वर्षं काढून त्याने कथलाने नळ्यांचे सांधे जोडण्याचं, म्हणजे झाळण्याचं काम उचललं होतं. हाताला सफाई अशी की झाळलेला सांधा बोटाला लागायचा नाही. त्याच्याकडे कंदील यायचे, रॉकेलची नरसाळी यायची, पत्र्याच्या पेट्या, सायकलचे दिवे यायचे. गळकी घागर मात्र कधी यायची नाही. बादली नाही, तांब्या तर नाहीच. ज्यात पाणी राहतं ते त्याच्याकडे न्यायचं नाही. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हतं. कंदिलातलं तेल बाटत नाही, घागरीतलं पाणी बाटतं, हे कुठल्या पोथीत आहे असं मी एका पत्रकात छापून विचारलं होतं. पत्रकाच्या पुड्या झाल्या. उत्तर आलं नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पत्रकं काढणं हाच माझा धंदा होता. घर गावाच्या कडेला, मळ्यात. वांगी, मेथी, मिरची पिकवायची आणि बाजारात न्यायची. बाबा डाकबंगल्यावर भाजी द्यायचे. तिथली साहेबाची न्हाणी बघून त्यांनी घरी तसंच करवून घेतलं होतं. अंगणात उंच ओट्यावर तांब्याचा बंब, त्यातून तांब्याची नळी भिंतीतून न्हाणीत, नळीला पितळी तोटी, आणि शेवटी मळ्यातल्या झारीचं भोकाभोकांचं तोंड. खाली दगडावर बसायचं, तोटी फिरवायची, डोक्यावर ऊन पाणी. पाहुणे आले की बाबा आधी न्हाणी दाखवत, मग बसायला सांगत.

ती तोटी झिजली. बंद केली तरी पाणी ठिबकायचं, आणि ओढाताण करता करता नळीचा बंबाकडचा सांधाही हलला. लढाईचे दिवस. पितळ मिळत नव्हतं. तांबट म्हणाला, चार महिने थांबा. मिस्त्रीकडे जिनिंगच्या भंगारातली एक जाड तोटी होती. मी बाबांना म्हटलं, याच्याकडून करून घ्या. बाबा दोन दिवस तोटीला चिंध्या बांधत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुह्या मायले इचार."

माय म्हणाली, "मले कायले इचारता? करा तुमाले काय करायचं ते."

मी त्याला होकार समजलो.

यात मिस्त्रीचं काय अडकलं होतं ते सांगतो. स्टेशनाकडे एका शेठजींची नवी धर्मशाळा बांधून होत आली होती. तिच्या न्हाण्यांना नळ्या आणि तोट्या बसवायच्या होत्या, वर पाण्याची टाकी होती. काम ओव्हरशियरच्या हातात. मी त्याच्याकडे जाऊन मिस्त्रीची शिफारस केली. तो म्हणाला, "कंदील झाळणं वेगळं, पाण्याचं काम वेगळं. चार दिवस तुमच्या बंबाची झाळ टिकू द्या. मी स्वतः येऊन बघतो. टिकली तर काम त्याचं." आयुष्यात पहिल्यांदा पाण्याचं काम, आणि तेही भर गावात. ते मिळालं की दुकानासमोर घागरी येणार होत्या.

सोमवारी मिस्त्री आला. तोटीच्या आतला दट्ट्या तेल आणि विटेची भुकटी लावून त्याने तासभर घासला, इतका की पाणी सोडाच, वाराही जाऊ नये. नळीची टोकं चिंच आणि वाळूने घासून गुलाबी केली. नवसागर लावला, तेव्हा पांढरा धूर उठला आणि सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. तापलेला खैया, म्हणजे झाळायचं हत्यार, टेकवला आणि कथलाची कांडी लावली. कथील सांध्याभोवती असं पळालं की बघत राहावं. कुंपणापलीकडे शेजारी जमले होते. मी त्यांना समतेवर चार शब्द ऐकवत होतो. मिस्त्री मध्येच मला म्हणाला, "भाऊ, मायले सांगून ठेवजा, बंब कोरडा पेटवू नका म्हना. पानी असलं की झाळ जिती राह्यते." मी मान हलवली आणि भाषण पुढे चालू केलं.

बंब भरला, पेटवला, एक थेंब गळला नाही. बाबांनी तोटी चार वेळा उघडली, चार वेळा बंद केली. मी त्याच दुपारच्या मोटारीने मंगरूळपीरला गेलो. तिथे आमची सभा होती.

गुरुवारी परत आलो तर अंगणात चिखल. ओट्यावरून पाणी ओघळलेलं, सांधा उघडा पडलेला, नळी लोंबत होती. माय मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "सुटली तुह्या मिस्त्रीची झाळ."

आता मी जे केलं ते सांगतो. मी बंबाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तडक बाजारात गेलो. दुकानाशी एक टांगेवाला कंदील घ्यायला उभा होता, किराण्याच्या दुकानावर पाचसहा माणसं होती. मी रस्त्यातूनच सुरू झालो. मी गावाशी भांडून तुला काम दिलं. माझं नाक कापलंस. तुमच्यासाठी आम्ही मार खायचा आणि तुम्ही असं काम करायचं. हे सगळं मी बोललो. "तुम्ही" हा शब्दही मीच वापरला. आजही तो कानात आहे.

किराणेवाला म्हणाला, "घ्या. आता धर्मशाळेत बी पूर येनार."

टांगेवाला म्हणाला, "माह्या घोड्याच्या बादलीचं काम देनार होतो बुवा. बरं झालं, नाई देल्लं."

मिस्त्रीने हातातला कंदील पुरा केला. काच बसवली, पुसली, टांगेवाल्याला दिली. मग खोकं उचललं आणि म्हणाला, "चाला, पाहू."

अंगणात आल्यावर त्याने सांध्याला हात लावला नाही. आधी बंबाखालची राख काडीने उकरली. राखेत कथलाचे गोळे होते, जवसाएवढे, चकचकीत. मग त्याने बंबाच्या पोटावर बोट फिरवलं. तांबं जांभळं-निळं पडलं होतं, मोराच्या मानेसारखं.

"पानी भरलेल्या बंबाचा असा रंग होत नाई," तो म्हणाला. "कोरडा पेटवला. आन बराच वेळ पेटवला."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा मोटेच्या दोराकडे पाहत होते. माय जुडी खाली ठेवून उठली.

"पेटवला," ती म्हणाली. "मी पेटवला. कायले लपवू? तू गेला, त्याच सांजच्याले पानी सोडून देल्लं आन गवऱ्या भरल्या. तांब्याचं भांडं इस्तवानं शुद्ध होते, हे आमाले आमच्या मायनं शिकवलं. देवाचं पानी याच बंबातलं हाये. मले काय ठाऊक झाळ पघळते म्हनून? मले कोनी सांगतलं?"

कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला सांगितलं होतं तो कुंपणाशी समता सांगत होता.

मिस्त्रीला नवं काहीच कळलं नव्हतं. तो फक्त गोळे वेचून खोक्यात टाकत होता. कथील महाग होतं.

ओव्हरशियर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. बाबा हळूच म्हणाले, "आता होऊन गेलं ते गेलं. आत्ताच झाळून टाका. उद्या साहेब आला का सांधा पक्का दिसन. बोलनं कायले वाढवता?"

"अन बाजारात जे झालं ते?" मिस्त्री म्हणाला. "बाबूजी, साहेबाच्या घरची भाजी बी बाजारातूनच जाते. त्याले सांजपर्यंत कळन का माही झाळ सुटली."

मी म्हणालो, "मी पत्रक काढतो. आजच छापतो. काही घरांतून अजूनही कारागिराच्या स्पर्शामुळे भांडी जाळून शुद्ध करतात आणि दोष कारागिरावर येतो, असं..."

"कोन घरं?"

माझी नजर बंबाकडे गेली.

"पत्रक नको, भाऊ. तुमी जिथं बोलले तिथं जाऊन बोला. तेवढ्याच आवाजात. इथं माह्या कानात नका सांगू."

एवढं बोलून तो ओट्याच्या कडेला बसला. खैया शेगडीत ठेवला नाही. मी जाईपर्यंत तो शेगडी पेटवणार नव्हता, हे त्याने न सांगता कळलं.

खरं सांगतो, मला ते जमेना. शंभर घरांतल्या मायांविरुद्ध मी लिहिलं होतं. पाणवठ्यावर घागर बाजूला ओढणाऱ्या बायांना मी छापील अक्षरात मूर्ख म्हटलं होतं. आणि आता माझ्या मायचं नाव किराण्याच्या दुकानासमोर घ्यायचं म्हटल्यावर माझे पाय अंगणाच्या फाटकाशी अडकले. मायने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"जाय ना," ती म्हणाली. "मी केलं ते केलं. चोरी नाई केली मी. माह्याच्यानं त्याची रोजी जाऊ नये. पन पुरं सांगजो. तुले सांगतलं होतं अन तू मले नाई सांगतलं, हे बी सांगजो."

मी गेलो. किराण्यावर तीच माणसं होती, वर आणखी चारजण. मी उभा राहून सांगितलं. मिस्त्रीची झाळ पक्की होती. आमच्या घरी बंब कोरडा पेटवला, माझ्या मायने, शुद्ध करायला. पेटवू नका हे मिस्त्रीने मला सांगितलं होतं आणि मी घरात सांगितलं नाही. मघाशी मी त्याला बोललो ते खोटं होतं. सभेत मला घसा खाकरावा लागत नाही. त्या दिवशी दोनदा खाकरावा लागला.

कोणी हसलं. किराणेवाला म्हणाला, "अरे बाप्पा. समतावाल्याच्याच घरी होम."

दुसरा एकजण म्हणाला, "मायनं बराबर केलं. पोरगंच वेडं हाये."

टांगेवाला कंदील वर धरून सांधा पाहत होता.

घरी परतलो तेव्हा मिस्त्रीने शेगडी पेटवली. मी काय बोललो ते त्याने विचारलं नाही, माझ्याकडे एकदा पाहिलं एवढंच. पुन्हा चिंच, पुन्हा वाळू, पुन्हा तो डोळ्यांत जाणारा धूर. तांबं भाजल्यामुळे कथील लवकर धरेना, दोनदा पुसून काढावं लागलं. ऊन उतरत होतं आणि मला वाटत होतं, आता हे धरणार नाही. तिसऱ्यांदा धरलं. मग तो मायला म्हणाला, "माय, पानी तुमीच भरा."

मायने विहिरीवरून सात घागरी आणून बंब भरला. हात लावून सांधा चाचपला, पदराला बोटं पुसली. कोरडी होती.

सकाळी ओव्हरशियर आला. त्याला सगळं आधीच कळलेलं होतं, बाजाराने आपलं काम केलं होतं. त्याने सांधा पाहिला, तोटी फिरवली, बराच वेळ न्हाणीत उभा राहिला.

"काम उत्तम आहे," तो म्हणाला. "पण पंचाईत आता दुसरीच झाली. उद्या धर्मशाळेत कोणी म्हणेल की या नळ्या कोणी लावल्या, आणि तिथेही जाळायला बसतील."

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं माझ्याकडे, तीन पत्रकांचा मजकूर. मिस्त्रीने हात वर करून मला थांबवलं.

"साहेब, नळी भिंतीत राह्यते. भिंतीतली नळी कोन जाळते? धर्मशाळा पेटवा लागन."

ओव्हरशियर हसला. "बरं. नळ्या आणि तोट्या तुझ्या. टाकीचं मात्र तांबटाला सांगतो. तिच्यातलं पाणी लोक पितात."

"मंग नळ्या बी त्याच्याकडूनच करून घ्या."

"काय?"

"टाकीतलंच पानी नळीत येते, साहेब. वर ते शुद्ध अन खाली ते बाटलेलं, असं माह्या हातानं नाई होनार. टाकी अन नळ्या दोनी देत असान तर करतो. नाईतर मले कंदील पुरतात."

मला वाटलं, हा मूर्ख आहे. हातात आलेलं काम घालवतो आहे. घे आधी नळ्या, टाकीसाठी मग भांडू, असं मी त्याला कुजबुजून सांगितलंही. तो म्हणाला, "भाऊ, हे भांडन माह्यं हाये. मले भांडू द्या."

ओव्हरशियर म्हणाला, शेठजींना विचारावं लागेल.

"इचारा. मी दुकानात हाये." त्याने खोकं उचललं आणि गेला.

तीन दिवस काहीच झालं नाही. मी दोनदा धर्मशाळेवरून चक्कर मारली. तिथे तांबट उभा दिसला, टाकीकडे मान वर करून बघत होता. मिस्त्री मात्र दुकानात नरसाळी झाळत होता. मी जाऊन बसलो तर म्हणाला, "तुमी कायले चिंता करता? तुमाले सभा नाई का आज?"

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बाजाराची भाजी निवडत होतो. माय, बाबा आणि मी. शेजारचा माणूस कुंपणाशी येऊन म्हणाला, धर्मशाळेतून शेठजींचा गडी आला होता, मिस्त्रीला घेऊन गेला. सामानासकट.

मायने हातातली मिरची टोपलीत टाकली. "टाकी बी?"

"टाकी बी," तो म्हणाला. "शिडी लावून वर चढला ना तो. मी पाह्यलं."

बाबांनी टोपली उचलून डोक्यावर घेतली. माय उरलेल्या मिरच्या निवडत राहिली. मग म्हणाली, "वर वारा लागते. कथील धरते का नाई, कोनाले ठाऊक." आणि थोड्या वेळाने, कोणाकडेही न पाहता, "धरन म्हना."